शोभाताईंचं दुखणं आणि आमच्या घरातलं भेव

रिठदहून रिसोडच्या बाजाराला निघालो होतो. जीप इतकी भरलेली की माझा एक पाय दुसऱ्याच कुणाच्या पिशवीवर होता. शेजारी शोभाताई, माझ्या थोरल्या जाऊ. त्यांनी पदराखालून माझा हात धरला, स्वतःच्या काखेजवळ नेला आणि तिथं दाबून ठेवला. समोर रस्त्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "हे काय असन वो संगीता?"

बोटांना काहीतरी लागलं. आवळ्याएवढं, टणक, जागचं न हलणारं.

"कवापासून हाय?"

"सोयाबीन सोंगत होतो तवापासून. दुखत नाही, म्हनून म्हनलं कायले सांगाव."

सोयाबीन सोंगून, काढून, विकून झालं होतं. दिवाळी होऊन गेली होती. रस्त्याच्या कडेची तूर शेंगांवर आली होती.

त्या दिवशी बाजार झाला नाही. रिसोडला उतरलो ते थेट बायकांच्या डॉक्टरीणबाईकडे गेलो. बाई बोलक्या. आत गेल्याबरोबर गाव कोणतं, पोरं किती, सगळं विचारत होत्या. ताईंना तपासायला लागल्या आणि मध्येच बोलायच्या थांबल्या. हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "अकोल्याला जा. उशीर करू नका."

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई गप्प झाली, पाह्यलं काय तू?"

"बाहेर गर्दी होती न, म्हनून," मी म्हणाले.

त्या दुखण्यात लोकांना धीर द्यायला म्हणून जे खोटं बोलतात, त्याची सुरुवात आमच्या घरी अशी झाली. हे सगळं आता लिहितेय, कारण त्या दिवसांत आम्हाला औषधांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटले, पण भीती वाटली तर काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. मीही फार काही सांगू शकेन असं नाही. आमच्या घरात काय झालं तेवढं सांगते.

दादांशी पहिलं बोलणं

आमच्याकडे भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, धाकटी सून डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, पण लग्न होऊन आले तेव्हापासून तीच रीत पडली. काही सांगायचं असलं की ताईंच्या मुलीला, प्रज्ञाला, मध्ये घालायचं. "बाबाले सांग, जेवन झालं." तेही भिंतीकडे बघून उत्तर द्यायचे. एका घरात, एका चुलीवर, इतकी वर्षं असंच चाललं आणि कुणाचं काही अडलं नाही.

माझे मिस्टर मालाची गाडी चालवतात. निम्मा महिना बाहेर. म्हणून अकोल्याला ताईंसोबत भासरे आणि मी असे दोघं गेलो. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. रिपोर्ट घ्यायला परत गेलो तेव्हा ताईंना आणखी एका तपासणीसाठी रक्त द्यायला आत नेलं. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "पेशंटचे मिस्टर कुठे आहेत?"

मी दारातून बाहेर पाहिलं. भासरे वऱ्हांड्याच्या टोकाला खिडकीपाशी उभे होते. हातानं बोलावलं, तर त्यांनी मान हलवली आणि हातानंच सांगितलं, तुम्हीच ऐका. ते आले नाहीत. मग डॉक्टरांनी मलाच समोर बसवलं आणि सांगितलं. त्यांचं सगळं बोलणं माझ्या कानावर पडत होतं, पण त्यातला एकच शब्द मला कळला. बाकी सगळं नंतर पुन्हा जाऊन विचारावं लागलं. तुमच्यावर ही वेळ आली तर लाजू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन विचारा. पहिल्या दिवशी कुणालाच काही ऐकू येत नाही.

बाहेर येऊन मी भासऱ्यांसमोर उभी राहिले. मध्ये घालायला कुणी नव्हतं. पदर सारखा केला.

"दादा, ताईची गाठ चांगली नाही."

लग्नानंतर त्यांच्याशी थेट बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कॅन्सर हाय काय?"

"हो."

ते खिडकीचा गज धरून उभे राहिले.  मग म्हणाले, "तुमी सकाळपासून चहा बी नसन घेतला." आणि खाली जाऊन दोन कप घेऊन आले. माझा कप माझ्या हातात दिला, स्वतःचा खिडकीत ठेवला, आणि तो तिथंच गार झाला.

ताई कोपरात कापूस दाबून बाहेर आल्या. आम्हाला पाहून जागीच थांबल्या.

"तुमी दोघं बोलून राह्यले," त्या म्हणाल्या.

 त्या बाकड्यावर बसल्या. "मंग तेच असन," त्या म्हणाल्या आणि कापूस उचलून सुई टोचलेली जागा पाहत राहिल्या. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नाही. सांगायची गरजच राहिली नव्हती.

येगळा पेला

गावात बातमी लपत नाही. दोन दिवसांत घर माणसांनी भरून गेलं. येणारा प्रत्येकजण आवाज खाली करून बोलायचा, जसं काही ताई गेल्याच होत्या. कुणीतरी आमच्या सासूबाईंच्या कानात सांगितलं की हे दुखणं उष्ट्यानं पसरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंची थाळी, पेला आणि पाण्याचा गडवा खिडकीखाली वेगळ्या फळीवर मांडलेला दिसला.

मी काही बोलायला गेले, तर ताईंनी माझा हात दाबला. "राहू दे. म्हातारं मानूस हाय. त्याइले भेव वाटते." आणि त्या फळीवरून थाळी घेऊन जेवल्या, स्वतःच घासली, परत तिथंच ठेवली.

मी सासूबाईंना एकटं गाठलं. "आत्याबाई, डॉक्टर म्हनले ना, हे असं पसरत नाही."

"डॉक्टरले काय जाते सांगाले?" त्या म्हणाल्या. "घरात तरनी नात हाय मायी."

असे चारपाच दिवस गेले. प्रज्ञा तेव्हा रिसोडला कॉलेजात जायची. तिच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण ती त्या दिवसांत मान वर करून कुणाकडे बघतच नव्हती. एका दुपारी ती घरी आली, सरळ खिडकीखालच्या फळीकडे गेली, आईचा पेला उचलला, माठातलं पाणी घेतलं आणि उभ्यानं प्याली. मग तीच थाळी घेऊन चुलीजवळ येऊन बसली. "भाकर दे आजी."

सासूबाईंचा हात तव्यावरच थांबला. प्रज्ञा भांडली नाही. थाळी पुढे धरून बसून राहिली. शेवटी सासूबाईंनी भाकर वाढली.

जेवण झाल्यावर सासूबाई ओसरीत येऊन माझ्या मशीनजवळ बसल्या. मी घरी ब्लाऊज, फ्रॉक शिवते. मी मशीन थांबवलं. त्या दाराबाहेर पाहत बोलायला लागल्या.

"मी लहान असताना मायी माय मालकाच्या घरी शेन काढाले जाये. मी तिच्या मांगं मांगं. तिले चहा देत त कान तुटलेल्या कपात. तो कप गोठ्यात खुटीले टांगून राहे. मायनंच धुवाचा, मायनंच टांगाचा. एक डाव मी त्या कपाले हात लावला त मायनं मले मारलं. म्हने, तुले नाही पेऊ देनार मी याच्यात."

मी मशीनवरचं कापड काढून मांडीवर घेतलं.

"आन मी काय करून बसली वो संगीता?"

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. फळीवरची थाळी, पेला, गडवा घेतला आणि घरातल्या सगळ्या भांड्यांत नेऊन मिसळला. पेले तर सगळे एकसारखेच. नंतर कुणी विचारलं असतं की ताईंचा कोणता, तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

अकोल्याच्या वाऱ्या

मग अकोल्याच्या खेपा सुरू झाल्या. पहाटेची एसटी, मालेगाव, पातूर, आणि ऊन चढेपर्यंत हॉस्पिटल. जाताना ताई खिडकीशी बसून शेतं पाहायच्या, कुणाचा हरभरा कसा आहे ते सांगायच्या. येताना त्यांना काही दिसत नसे. पातूरच्या घाटात वळण आलं की मी पिशवी उघडून धरायची. या मार्गावरच्या एका कंडक्टरला आमची ओळख झाली होती. तो आम्हाला पाहिलं की पुढची सीट रिकामी करून द्यायचा आणि तिकडे ढुंकूनही बघायचा नाही. तो बघत नसे, हेच ताईंना फार बरं वाटायचं.

औषध लाल रंगाचं होतं. थेंब थेंब हातात जायचं. तोपर्यंत मी बाजूला स्टुलावर. करायला काही नसतं आणि उठताही येत नाही. मी विचार करायला लागले की घरी गेल्यावरसुद्धा तेच विचार चालायचे. म्हणून मी काजं करायचं काम सोबत न्यायला लागले. हात चालू असला की डोकं थोडं शांत राहतं. सोबत जाणाऱ्या माणसानं काहीतरी काम हातात ठेवावं, हे माझं सांगणं आहे. रुग्णालाही सारखं आपल्या तोंडाकडे बघणारं माणूस नको असतं.

शेजारच्या खाटेवर इंझोरीच्या मंजुळाबाई असायच्या. वयानं मोठ्या, डोक्यावर एक केस नाही. ताईंचे केस नुकतेच जायला लागले होते. उशीवर पुंजके दिसले की त्या टॉवेल टाकून झाकायच्या. मंजुळाबाईंनी एकदा रुमाल काढला आणि डोकं पुढे केलं.

"पाय, कशी गोटी दिसते. हात लाव, हात लाव. काही होत नाही."

ताईंनी भीत भीत हात लावला.

"आता उवा बी नाही, तेल बी नाही," मंजुळाबाई म्हणाल्या. "नवऱ्याले म्हनलं, तुयं अन् मायं डोकं आता सारखंच."

ताई हसल्या. त्या दुखण्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी प्रज्ञाला बोलावलं आणि राहिलेले केस कापून घेतले. कापताना प्रज्ञा रडली, ताई नाही रडल्या.

पुढे दर खेपेला मंजुळाबाईंची गाठ पडायची. त्या आमच्यासाठी ज्वारीच्या लाह्या आणायच्या, आमच्या ताई त्यांच्यासाठी लिंबाचं लोणचं न्यायच्या, कारण औषधानं तोंडाची चव गेलेली. एका खेपेला त्या खाटेवर दुसरीच बाई होती. ताईंनी पिशवीतून लोणच्याची बरणी काढली, खाटेकडे पाहिलं आणि परत आत ठेवली.

"तारीख बदलली असन तिची," त्या म्हणाल्या.

"हो, बदलली असन."

नर्सला विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणालाच झालं नाही. घरी आणलेली ती बरणी कुणी उघडली नाही.

बांधावर

भासरे पहिल्या काही खेपांना आले नाहीत. शेतात काम आहे म्हणायचे. आम्ही उठायच्या आधी जायचे आणि दिवेलागण झाली की यायचे, जेवायचे, अंगणात खाट टाकायचे. ताईंशी दोन शब्दही नाहीत. एका दुपारी ताई मला म्हणाल्या, "संगीता, त्याइले मायी किळस येऊन राह्यली काय?"

मी दुपारचा डबा घेतला आणि स्वतः शेतात गेले. एरवी डबा न्यायला गडी यायचा. भासरे बांधावर पाठमोरे बसले होते. काम काहीच चालू नव्हतं. विळा बाजूला पडलेला, आणि नुसते बसलेले.

मी डबा ठेवला. दुसऱ्यांदा त्यांच्याशी बोलत होते, आणि पहिल्यापेक्षा जड गेलं.

"दादा, ताई विचारून राह्यल्या, तुमाले त्यायची किळस येते काय म्हनून."

ते ताडकन उठले. "किळस? असं म्हने ते?"

"हो."

ते खाली बसले. ढेकळं फोडत फोडत बोलले. "तिचा खोकला आयकला त मले घरात बसवत नाही. समोर जाऊन बसाव त काय बोलाव ते समजत नाही. तिनं मायं तोंड पाह्यलं का तिले समजन न, मी किती भ्यालो ते. मानूस असा भ्याला त बाईनं कोनाकडे पाहाव?"

"समजू द्या त्यायले," मी म्हणाले. "किळस येते असं समजन्यापेक्षा ते बरं."

 त्यांनी डबा उघडलाच नाही, तसाच उचलला आणि माझ्या पुढं चालायला लागले. भर दुपारी त्यांना घरी आलेलं पाहून सासूबाई घाबरल्या. ते सरळ आत गेले. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. भासरे त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शोभा, मले लय भेव वाटून राह्यलं."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मंग मले काय मजा वाटून राह्यली काय?"

आधी ताईंनाच हसू फुटलं. मग भासऱ्यांना. हसता हसता ते रडायला लागले आणि ताईंनी आपल्या डोक्याचा रुमाल काढून त्यांना डोळे पुसायला दिला. त्या दिवसानंतर ते एकाही खेपेला घरी थांबले नाहीत.

माप

ऑपरेशन झालं. एक बाजू पूर्ण काढली. पट्टी निघाल्यावर ताईंनी कितीतरी दिवस स्वतःकडे पाहिलं नाही. त्यांना अंघोळ घालायला मी जायची. त्या डोळे मिटून बसायच्या आणि मी पाणी घालायची. घरात साडी अशी गुंडाळून घ्यायच्या की कुणाला काही दिसू नये.

उन्हाळ्यात भाचीचं लग्न आलं. ताई म्हणाल्या, "मी नाही जात."

मग दोन दिवसांनी ओसरीत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "माप घे."

त्यांच्या ब्लाऊजचं माप मला पाठ होतं. इतकी वर्षं मीच शिवत आले. पण ते माप आता कामाचं नव्हतं. मी दार लोटलं, टेप घेतला. टेप कुठून लावायचा तेच मला कळेना. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "नीट घे बाप्पा. सैल झालं त लोकं पाहतीन."

मी आतून सुती कापड लावून, त्यात कापूस भरून एका बाजूला खोळ शिवली. पहिली फार जड झाली, खाली ओढायला लागली. दुसरी टोचत होती. तिसऱ्या वेळेस बाजरी भरून पाहिली, वजन सारखं व्हावं म्हणून. ताई आरशासमोर उभ्या राहिल्या, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"भूक लागली त पाखरं येतीन मायाजवळ," त्या म्हणाल्या.

त्या लग्नाला गेल्या. पंगतीत वाढायलाही उठल्या. नंतर मला कळलं की अशा गोष्टी तयारही मिळतात आणि हॉस्पिटलात विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही विचारा. आम्हाला विचारायला लाज वाटली होती.

मधलं वर्ष

मग एक वर्ष चांगलं गेलं. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. ताई तुरीच्या शेंगा तोडायला शेतात आल्या. लोक म्हणायचे, सुटलात बुवा एकदाच्या. भीती मात्र सुटली नव्हती. तपासणीची तारीख जवळ आली की घरात बारीकसारीक गोष्टींवरून भांडणं व्हायची. मीठ जास्त झालं, दार उघडं राहिलं, कुत्रा आत आला. तपासणी झाली, रिपोर्ट चांगला आला, की तीच माणसं पुन्हा गोड बोलायची. हे लक्षात यायलाच आम्हाला वेळ लागला. पुढे भांडण सुरू झालं की ताईच म्हणायच्या, "तारीख जवळ आली वाटते." आणि भांडण तिथंच थांबायचं.

मग त्यांची पाठ दुखायला लागली.

सोयाबीनचं निंदण करून दुखत असेल असं त्या म्हणाल्या. आम्हीही तसंच म्हणालो. मालिश केली, शेक दिला. एके दिवशी त्यांना खाटेवरून उठताच आलं नाही.

या वेळी अकोल्याच्या डॉक्टरांना ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, जे काय असेल ते मला सांगा. डॉक्टरांनी सांगितलं. दुखणं हाडांत गेलं होतं. दुखू नये म्हणून औषध देता येईल, चार दिवस बरे जावेत म्हणून औषध देता येईल, पण पूर्ण बरं होणार नाही. भासरे या वेळी आत होते. त्यांनी ताईंचा हात धरला होता आणि डॉक्टरांचं बोलणं संपलं तरी सोडला नाही.

येताना मालेगावला गाडी थांबली. ताई म्हणाल्या, "मले आलूबोंडा खाचा." पथ्याबिथ्याचं कुणी नाव काढलं नाही. भासरे धावत जाऊन घेऊन आले. ताईंनी अर्धा खाल्ला.

"मले मरनाचं भेव वाटते," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "दुखन्याचं त्याच्याऊन जास्त वाटते. पन सगळ्यात जास्त कशाचं वाटते सांगू काय? मी गेल्यावर तुमी सांगसान, तिले कावीळ झाली होती."

त्यांची भीती खोटी नव्हती. कारण माहेरची, सासरची चार माणसं खरंच, परगावी तसंच सांगू म्हणत होती. प्रज्ञा लग्नाची. आईला काय झालं होतं ते कळलं तर स्थळं यायची नाहीत. सासूबाईंनाही ते पटलं होतं.

विहारात

त्या पौर्णिमेला विहारात वंदनेला गाव जमलं होतं. भासऱ्यांनी ताईंना जवळजवळ उचलूनच आणलं आणि भिंतीला टेकून बसवलं. वंदना झाली. लोक उठायला लागले, तर ताई म्हणाल्या, "बायांनो, जरा बसा. मले बोलाचं हाय."

त्या कधी चार माणसांत बोलल्या नव्हत्या. आवाज बारीक होता, म्हणून सगळ्या बायका पुढं सरकल्या. पुरुष दाराशी थांबले.

"मले छातीचा कॅन्सर झाला," त्या म्हणाल्या. "इथं, काखेजवळ गाठ होती. दुखत नोती. मी कोनाले सांगतलं नाही. काम चालू होतं, मंग सन आला, मंग लाज वाटली. लवकर गेली असती त कदाचित बरी झाली असती. कदाचित नसती बी झाली. पन तुमी दुखाची वाट पाहू नोका. कोनाले काही लागलं हाताले, त नवऱ्याले सांगा, नाही त आमच्या संगीताले सांगा, ते नेईन तुमाले."

एक म्हातारी म्हणाली, "वो बाई, पोरगी लग्नाची हाय तुयी. कायले असं चार मानसांत सांगतं?"

"तिच्यासाठीच सांगून राह्यली," ताई म्हणाल्या.

मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती आईच्या मागं बसली होती, आईची पाठ दुखू नये म्हणून आपल्या गुडघ्याचा टेकू देऊन. ती मान खाली घालून होती, पण जागची हलली नाही. बायका एकेक करून ताईंच्या पायाशी येऊन बसल्या. कुणी काही विचारलं नाही. दोघी तिघी मात्र पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आल्या. त्यातल्या एकीची गाठ साधी निघाली. एकीची तशी नव्हती, पण लहान होती. तिचं औषध चालू आहे, आणि ती घरची कामं करते.

नंतर

ताई गहू ओंबीवर होता तेव्हा गेल्या. घरीच, दुपारच्या वेळी. सासूबाई उशाशी होत्या, प्रज्ञा पायाशी, भासऱ्यांच्या मांडीवर डोकं. दुखण्याचं औषध वेळेवर देत होतो, त्यामुळे त्यांना जेवढी भीती होती तेवढं दुखलं नाही. एवढं सांगायला मला बरं वाटतं. बाकी बरं वाटण्यासारखं काही नाही. ओसरीत बसले की अजूनही वाटतं, आता आतून हाक येईल.

काही महिन्यांनी मी प्रज्ञाला तपासणीला चल म्हणाले. ती आज-उद्या करायला लागली. परीक्षा आहे, सुट्टी नाही. मी समजले. ज्या वऱ्हांड्यात आईसोबत इतके दिवस काढले तिथं पुन्हा जायचं, तेही स्वतःसाठी. शेवटी एका सकाळी भासरेच तयार होऊन बसले. "चाल, मी बी येतो."

आम्ही तिघं पाराजवळ गाडीची वाट पाहत उभे होतो. तिथं नेहमी बसणारे दोनचार जण होते. एकानं विचारलं, "कुकडे चालले बाप-लेक?"

प्रज्ञानं ओढणी सारखी केली आणि दुसरीकडे पाहिलं. मी काहीतरी सांगणार होते.

"अकोल्याले," भासरे म्हणाले. "इच्या मायले छातीचा कॅन्सर होता न. इची तपासनी करून घेतो. दर साली करनार हाओ."

 विचारणारा म्हणाला, "बरोबर हाय. करून घ्या."

अकोल्याला एका डॉक्टरीणबाईंनी प्रज्ञाला हातानं तपासलं, सोनोग्राफी केली, दर महिन्याला घरी स्वतःच कसं पाहायचं ते शिकवलं. ती आत होती तेवढा वेळ भासरे आणि मी बाकड्यावर बसून होतो. आम्ही बोललो. तुरीचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं, असंच काहीबाही. मग म्हणाले, "मले आता बी भेव वाटून राह्यलं." मी म्हणाले, "मले बी."

प्रज्ञा बाहेर आली. काही नव्हतं. सगळं चांगलं होतं. तिनं कागद माझ्या हातात दिला, माझ्या शेजारी बसली, आणि आई गेल्यापासून एकदाही न रडलेली ती पोरगी हुंदके देऊन रडायला लागली. जाणारे येणारे थांबून पाहायला लागले. त्यांना वाटलं असेल, वाईट रिपोर्ट आला.

"काय झालं वो बाई?" मी म्हणाले. "चांगला हाय न रिपोर्ट."

"मायचा बी असाच आला असता त, काकू," ती म्हणाली.

मी तिचे डोळे पुसायला पदर पुढे केला. भासऱ्यांनी माझा हात थांबवला.

"रडू द्या तिले," ते म्हणाले, आणि आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो.